लंगड्याची बुडी

ऐप्पशी महिना लागला की दुपारी चारच्या सुमाराला मला मोपेडचा आवाज ऐकू येतो. आमच्या गल्लीत तशी मोपेड आता येत नाही. येतात त्या पोरांच्या मोटारसायकली, आणि त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत एकसारखा असतो. ती मोपेड मात्र वळणावर एकदा दम खायची, खोकायची आणि आमच्या दारातल्या नारळाखाली आली की आपणहून बंद पडायची. आत खुर्चीत बसलेले माझे वडील, अप्पा, तो खोकला ऐकला की धोतर नीट करायचे. माझी स्कूटरही रोज याच गल्लीतून आत येत होती. तिच्या आवाजाला त्यांनी कधी धोतर नीट केल्याचं मला आठवत नाही.

हे लिहिताना लाज वाटते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एका संन्याशासारख्या माणसाचा हेवा करावा, आणि वडील जाऊनही तो सुटू नये, हे काही सांगण्यासारखं नाही. पण पाऊस सुरू झाला की भिंतीत जिरलेली ओल जशी पुन्हा वर येते तसा तो येतो. चुना कितीही लावा, डाग तिथेच.

आमच्याकडचा पाऊस महाराष्ट्रातला नव्हे. ऐप्पशी हा तमिळ पंचांगातला महिना, दिवाळीच्या आगेमागे येतो. सूर्य तूळ राशीत असतो, आणि तंजावूरवर खरा पाऊस तेव्हा पडतो. कालवे काठोकाठ भरतात, भाताची कोवळी रोपं पाण्यात गुडघाभर उभी राहतात, घरात दोरीवरची धोतरं वाळत नाहीत आणि त्यांना एक आंबूस वास येतो. याच महिन्यात कावेरीचं स्नान करायचं असतं. सगळ्या नद्या या दिवसांत कावेरीत येऊन राहतात, असं आई सांगायची. अप्पा पाटबंधारे खात्यात होते. वर्षभर त्यांनी कावेरी कागदावर पाहिली, पण ऐप्पशीत ते पहाटेच्या बसने तिरुवैयारूला जायचे, बुडी मारून ओल्या शेंडीने ऑफिसात हजर व्हायचे. महिन्याचा शेवटचा दिवस तर त्यांनी कधी चुकवला नाही. मग पायाला जखम झाली.

साखरेच्या आजारातली जखम. टाचेच्या बाजूला, रुपयाएवढी, आणि बरी होण्याचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग, आणि पाण्याचा स्पर्शही नको. ड्रेसिंगला कोण येणार? डॉक्टरांच्याच माणसाने सांगितलं की गावाबाहेर म्हाताऱ्या, जखमी, कुणी नसलेल्या माणसांचा एक आश्रम आहे, तिथले एक ब्रदर घरोघरीही जातात.

तो असा आला. सवरिमुत्तू नाव, माझ्यापेक्षा वयाने थोडा मोठा, काळा, रुंद, पांढरा अर्धा सदरा, पायात रबरी चपला आणि मोपेडच्या हँडलला अडकवलेली बादली. शेजारच्या बाई त्याला बघून डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, “फादर, माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवा.”

“मी फादर नाही अम्मा, ब्रदर,” तो म्हणाला. “फादरकडे पूजा असते, माझ्याकडे बादली. नातवाची नखं वाढली असतील तर सांगा, कापून देतो.”

त्याने लग्न केलं नव्हतं, करणार नव्हता. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही आणि वरून जिथे पाठवतील तिथे जायचं, अशी शपथ त्याने तरुणपणीच घेतली होती. चर्चमध्ये उभं राहून प्रवचन देणं त्याच्या वाट्याला नव्हतं. वाट्याला होत्या त्या जखमा, चादरी, बेडपॅन आणि दिवसातून ठरलेल्या वेळांची प्रार्थना. मनात मी त्याला पहिल्यापासून एकेरीच म्हणत आलो. तोंडावर मात्र “ब्रदर, तुम्ही”.

अप्पा सोवळ्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला अंगणातल्या नळावर पाय धुऊन यायला सांगितलं. तो तसाही धुतच होता. कॉफीसाठी सुगुणाने, माझ्या बायकोने, अप्पांच्या सांगण्यावरून एक वेगळा पेला खिडकीत ठेवला. तो त्याने पाहिला, ओळखला, आणि त्यातूनच प्यायला, स्वतःच विसळून पुन्हा खिडकीत पालथा घातला. आमच्या घराची ती गोष्ट मी झाकून ठेवू शकलो असतो. झाकत नाही. दिवाळीनंतर कधीतरी अप्पा सुगुणाला म्हणाले, “त्या खिडकीतल्या पेल्यात पाली फिरतात. माझ्या पेल्यात दे त्याला.” पाली आधीही फिरत होत्या.

मला जे जमलं नाही ते त्याला कसं जमलं, याचा मी फार विचार केला आहे. उत्तर एका साध्या गोष्टीत आहे, आणि तीच मला झोंबते. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असते. ती ओढली तर नवी कातडी निघून येते. सवरी कधी ओढत नसे. सलाइनने पट्टी भिजवायचा आणि बसून राहायचा. “भिजू दे. आपोआप सुटेल,” असं म्हणायचा आणि अप्पांचा पाय मांडीवर घेऊन खुशाल गप्पा मारायचा. त्या बसून राहण्याच्या वेळात तो त्यांच्याकडून मराठी शिकला.

आमची मराठी म्हणजे तंजावूरची मराठी. आमची माणसं इथे येऊन कित्येक पिढ्या झाल्या. घरात ती बोलायची, रस्त्यावर तमिळ. आम्ही उद्याला उदईक म्हणतो, औषधाला ओखद, विचारायला पुसणे. मी बँकेच्या नोकरीत पुण्याला होतो तेव्हा तिथले लोक माझ्या या शब्दांना हसले. मी ते शब्द टाकले, त्यांच्यासारखं बोलायला शिकलो, देवनागरी वाचायला-लिहायलाही शिकलो. परत आलो तेव्हा पुण्याची मराठी अप्पांसमोर बोलायला ओशाळवाणं वाटायचं आणि आमची जिभेवरून उतरली होती. म्हणून मी त्यांच्याशी तमिळ बोलत राहिलो. पायाचं काय, जेवलात का, गोळी घेतलीत का. तेवढ्याला कुठलीही भाषा पुरते.

आणि एका संध्याकाळी मी स्कूटर लावत असताना आतून सवरीचा आवाज आला, “अप्पा, बैसा नीट. हालू नका.” आणि अप्पांचं हसू. पोट हलवून हसणं. आई गेल्यानंतर ते या घरात ऐकू आलं नव्हतं. मी पायरीवरच उभा राहिलो. माझ्याच घरात शिरायला मला वेळ लागला.

पहिल्या आठवड्यात तो त्यांना “अय्या” म्हणायचा, तमिळ माणूस कुणाही वडीलधाऱ्याला म्हणतो तसं. मग “अप्पा” कधी झालं ते मला कळलं नाही. तमिळमध्ये बापाला अप्पाच म्हणतात, आमच्याकडेही अप्पाच. तक्रार करायला जागा नव्हती.

अप्पा दुपारी तीनपासूनच तयार. शेजारून प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आलं की त्यातलं अर्धं झाकून ठेवलं जायचं. मी एकदा त्यावरचं झाकण काढलं.

“ते राहू दे,” अप्पा म्हणाले.

“मलाही भूक लागली आहे.”

“तू घरचा. तुला केव्हाही मिळेल.”

घरचा असल्याचा तोटा मला त्या दिवशी कळला.

त्यांनी त्याला सांगितलेल्या गोष्टी मला कधी सांगितल्या नव्हत्या. लग्नाच्या वेळी कालव्यावरच्या फळीवरून ते घसरले आणि मुंडावळ्यांसकट पाण्यात पडले, आणि आई काठावर उभी राहून हसत होती. ही गोष्ट मला सवरीने सांगितली, मोपेडला किक मारता मारता. “माहीत आहे मला,” मी म्हणालो. मला माहीत नव्हती. माझ्या आईचं लग्नातलं हसू मला त्या माणसाकडून कळलं, ज्याला आईचं तोंडसुद्धा माहीत नव्हतं.

सुगुणाजवळ मी कुरकुर करायचो. “दिवसातून एक तास चांगलं वागणं सोपं असतं,” मी म्हणालो. “आला, हसला, गेला. इथे चोवीस तास राहून दाखव म्हणावं.”

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तो इथून निघून दुसऱ्या जखमेकडे जातो. तुम्ही इथून उठून टीव्हीकडे जाता.”

एकदा मी मुद्दाम त्याच्या आश्रमात गेलो. बँकेला सुट्टी होती. निमित्त केलं की उरलेली औषधं द्यायची आहेत. खरं म्हणजे मला त्याला त्याच्या जागी बघायचं होतं, आणि खरंच सांगायचं तर काहीतरी उणं सापडावं अशी इच्छा होती. सापडलंही. व्हरांड्यात एका म्हाताऱ्याने भाताची ताटली त्याच्या अंगावर भिरकावली होती, आणि सवरी त्याच्यावर ओरडत होता. साधं ओरडणं नव्हे. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, सांबार सदऱ्यावरून ओघळत होतं, आणि तो म्हाताऱ्याला म्हणत होता, “मरत का नाहीस तू एकदाचा.” मग तो धोब्याच्या दगडामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला बरं वाटलं. अंगात गरम कॉफी उतरावी तसं बरं वाटलं.

वळताना त्याने मला पाहिलं. नळावर तोंड धुऊन जवळ आला. “पाहिलंत ना सार,” तो म्हणाला. “अप्पांना सांगू नका. त्यांना वाटतं मी चांगला आहे.”

मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. सगळं सांगितलं, मरण्याचं वाक्यसुद्धा.

अप्पांनी ताकभाताचा घास तसाच हातात ठेवला. “म्हणजे फार थकला असेल,” ते म्हणाले, आणि मग सुगुणाकडे वळून, “उदईक त्याच्या कॉफीत साखर जास्त घाल.”

अशी ती ऐप्पशी चालली होती. एकीकडे पाऊस, दुसरीकडे अप्पांचा एकच हट्ट: बुडी. शेवटच्या दिवसाला इकडे कडैमुहम म्हणतात. त्या दिवशी तरी मला कावेरीवर ने, असं ते मला म्हणायचे. मी हो म्हणायचो. मग डॉक्टरांचं नाव पुढे करायचो, मग पावसाचं, मग बँकेचं. पायाला पाणी लागलं तर पाय जाईल, ही भीती खोटी नव्हती. पण माणसाला एक खरं कारण मिळालं की त्याच्या आडोशाला कितीतरी खोटी कारणं उभी राहतात.

कडैमुहमच्या दिवशी मी रजा टाकली होती, आणि सकाळीच कळलं की पाणी वाढलंय, घाटावर दोर बांधून पोलीस उभे आहेत, म्हाताऱ्यांना खाली उतरू देत नाहीत. मी अप्पांना तसं सांगितलं. चार वाजता मोपेड खोकली. पट्टी भिजत असताना अप्पांनी त्याला विचारलं, तेही मी दारात उभा असताना, “तू नेशील काय रे मला?”

तो हो म्हणेल याची मला खात्री होती. तो हो म्हणाला तर मी काय बोलायचं ते वाक्यही मी जुळवून ठेवलं, आणि ते चांगलं वाक्य नव्हतं.

सवरीने पट्टीची कडा बोटाने उचलून पाहिली. सुटली नव्हती. पुन्हा सलाइन घातलं. “आमचं घर मायवरमच्या घाटाजवळ, अप्पा,” तो म्हणाला. “आज तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही पोरं उद्याच्या दिवशी उतरायचो पाण्यात. सगळे गेलेले, घाट रिकामा. उदईक लंगड्याचा दिवस नाही का?”

अप्पांचा चेहरा उजळला. ही कथा इकडे सगळ्यांना माहीत आहे. एक लंगडा माणूस महिनाभर रखडत कावेरीकडे निघाला, आणि पोचला तेव्हा ऐप्पशी संपून पुढचा महिना लागला होता. देवाने त्याला परत पाठवलं नाही. त्या एका दिवसाच्या बुडीलाही पूर्ण महिन्याचं पुण्य दिलं. मुडवन मुळुक्कु म्हणतात त्याला, लंगड्याची बुडी. मायवरमला तो दिवस अजून पाळतात.

“मग उदईक ने,” अप्पा म्हणाले.

“उद्या मला जमायचं नाही,” सवरी म्हणाला. “उद्या आश्रमात डॉक्टर येतात. सार नेतील.” आणि माझ्याकडे न बघता तो मला पाय कसा बांधायचा ते सांगू लागला. जाड पिशवी, वर कापडाची पट्टी. रबर नाही, रबराने रक्त अडतं. पोटरीच्या वर बांधायचं, पण बोट शिरेल इतकं सैल.

डॉक्टर आश्रमात येतात ते शुक्रवारी. दुसरा दिवस शुक्रवार नव्हता. ते मला त्या रात्री अंथरुणावर लक्षात आलं, आणि उपकार वाटण्याऐवजी रागच आला. माझा बाप त्याने मला दिला होता, जसं कुणी अर्धं सुंडल झाकून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने तिरुवैयारूला गेलो. पाऊस थांबला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेतं, त्यांच्यावर बगळे, आणि हवेला चिखलाचा ओला वास. घाटावर कालच्या गर्दीची फुलं, केळीची पानं, विझलेले कापूर पडले होते. पाणी उतरलं होतं आणि पायऱ्यांवर गाळाचा गुळगुळीत थर होता. रिक्षावाल्याने नि मी मिळून अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत पाण्याच्या कडेला बसवलं. मी पिशवी बांधली.

“सैल कर,” अप्पा म्हणाले. “सवरीने सांगितलं ना, बोट शिरायला हवं.”

तिथेसुद्धा. मी सैल केली.

मग तांब्याने त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. त्यांनी डोळे मिटले. पाणी थंड होतं, त्यांचे खांदे थरथरले, आणि तोंडातून मंत्र येत होता की दातांचा आवाज ते कळत नव्हतं. मी घालत राहिलो. त्यांच्या पाठीवरची हाडं मला इतक्या जवळून बघायला मिळाली नव्हती. पाठ चोळताना मला वाटलं, आज तरी हे माझं आहे. आज तो इथे नाही.

“पुरे,” अप्पा म्हणाले. “आता तू उतर.”

जे येऊ शकत नाहीत त्यांच्या नावाने बुडी मारायची पद्धत आमच्यात आहे. गोत्र आणि नाव घ्यायचं आणि डोकं पाण्याखाली न्यायचं. त्याचं पुण्य त्याला पोचतं. मी छातीइतक्या पाण्यात उतरलो. आधी माझी बुडी, मग आईच्या नावाची, मग सुगुणाची. वर आलो, तोंडावरचं पाणी निपटलं आणि पायरीकडे निघालो.

“सवरीची राहिली,” अप्पा म्हणाले.

मी थांबलो. नदी कमरेला ओढत होती. मला एक चांगली अडचण सुचली आणि ती सुचल्याचा आनंदही झाला. “त्याला गोत्र कुठलं, अप्पा?” मी म्हणालो. “गोत्राशिवाय कशी बुडी मारायची?”

त्यांनी ओल्या धोतराचा सोगा पिळला. मला वाटलं, मिटलं. मग माझ्याच मनाला लाज वाटली असावी, मी म्हणालो, “माहीत नसलं की काश्यप म्हणतात. काश्यप म्हणू का?”

“काश्यप अनोळखी माणसाला,” अप्पा म्हणाले. “सवरी ठाऊक आहे आपल्याला.” त्यांच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं. “आपलं सांग.”

“आपलं?”

“भारद्वाज म्हण. नक्षत्र सोड, ते मी त्याला पुसलं नाही.”

बासष्ट सालच्या पुरात कुठली कालव्याची दारं उघडली ते सांगावं इतक्या शांतपणे त्यांनी हे सांगितलं. या गोत्रासाठी मी काय केलं होतं? जन्मलो होतो. तेवढंच. आणि ज्यांनी उभ्या जन्मात शेजाऱ्याच्या हातचं पाणी विचार केल्याशिवाय घेतलं नाही, त्यांनी ते एका ख्रिस्ती माणसाला पायरीवर बसून, ओल्या धोतराने, देऊन टाकलं. मी पाण्यात उभा होतो आणि माझा हिस्सा अर्धा झाला होता. हिस्सा कशाचा ते मला आजही नीट सांगता येत नाही. घर नाही, शेत नाही. ओठांवर घ्यायचा एक शब्द.

मी म्हणालो. भारद्वाज गोत्र, सवरिमुत्तू. दात आवळून म्हणालो आणि खाली गेलो. तोंड उघडंच राहिलं असावं, पाणी नाकातोंडात गेलं, खोकत वर आलो.

अप्पा हसत होते, पोट हलवून. माझ्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी सवरीला सांगितलं, “तुझी पण बुडी झाली रे. मुकुंदाने मारली.” मुकुंद म्हणजे मी. सवरीने पट्टी भिजवता भिजवता मान वर केली. “माझं नशीब बघा,” तो म्हणाला. “पहिल्यांदा चर्चमध्ये डोक्यावर पाणी घातलं तेव्हा मी तान्हा होतो, आता घातलं तेव्हा मी हजरच नव्हतो.” सगळे हसले. गोत्राचं अप्पा बोलले नाहीत. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. मला वाटत होतं, म्हणून मी बोललो नाही. ती एक गोष्ट अशी होती की ती सवरीला ठाऊक नव्हती आणि मला होती.

पोंगल झाल्यावर त्याची बदली झाली, झारखंडात कुठेतरी. “नको म्हणता येत नाही का?” मी विचारलं, आणि विचारताना मला मनातून हलकं वाटत होतं. “तुम्ही बँकेत म्हणू शकता सार,” तो म्हणाला. “आम्ही हो म्हणून ठेवलंय आधीच.” निघताना त्याने अप्पांचा पाय खाली ठेवला, चपला घातल्या आणि नळावर हात धुताना जरा जास्तच वेळ लावला. मोपेड आश्रमाची होती, ती इथेच राहिली.

मग पट्टी मी करू लागलो. गेलेल्या माणसाचा हेवा हजर माणसाच्या हेव्यापेक्षा वाईट. हजर माणूस थकतो, चुकतो, ओरडतो. गेलेला कधीच चुकत नाही. “सवरी कात्री अशी धरायचा.” “सवरी आधी हात गरम करायचा.” पण मी बसून राहायला शिकलो. बसून राहायचं म्हणजे काहीतरी बोलायलाच हवं, आणि पायाशी बसलेल्या माणसाला गोळ्यांबद्दल किती पुसणार. मी आमच्या मराठीत बोलायला लागलो, अडखळत. अप्पा शब्द पुरवायचे. एका दुपारी पट्टी नुसत्या बोटाने सुटून आली. “आज दुखलं नाही,” अप्पा म्हणाले. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो, सवरीसारखं वगैरे. ते आलं नाही. त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही, उगीच अंगणात फिरत राहिलो. इतक्याशा गोष्टीवर माणूस किती खूष होऊ शकतो.

अप्पा पंगुनीच्या, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या, उन्हात गेले. मी सवरीला फोन केला. त्याला येणं शक्य नव्हतं. त्याच्या मागे कुणीतरी म्हातारा हाका मारत होता. मग त्याने एवढंच विचारलं, “शेवटची पट्टी कुणी बदलली?”

“मी.”

“आपोआप सुटली?”

“हो.”

“बरं झालं,” तो म्हणाला, मराठीत. तेव्हाही ते गोत्राचं सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं.

काल या वर्षीचा लंगड्याचा दिवस होता. मी एकटाच बसने गेलो. खिडकीतून पाणी आत येत होतं, शेजारचा माणूस मांडीवर खताची पिशवी घेऊन बसला होता. घाट रिकामा, फुलं कुजत पडलेली, एक कुत्रं पाण्याच्या कडेला. छातीइतक्या पाण्यात उतरलो. अप्पांची बुडी, आईची, सुगुणाची. मग भारद्वाज गोत्र, सवरिमुत्तू. या वेळी आठवण करून द्यायला पायरीवर कुणी नव्हतं. तोंड मिटून खाली गेलो.

ओल्या कपड्यांनी पायरीवर बसूनच मी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, काश्यपाची माझी युक्तीही सांगितली, आणि इतकी वर्षं का सांगितलं नाही तेही. तो ऐकत राहिला.

“सार,” तो शेवटी म्हणाला, “मग आपण...”

“हो,” मी म्हणालो. “पण थोरला मी.”

“वयाने मी मोठा आहे सार.”

“असशील. घरात थोरला मी.”

नदीच्या आवाजात मला तो हसतोय की काय ते कळेना. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

“बरं, अण्णा,” तो म्हणाला. “कपडे बदला आधी. ओल्याने बैसू नका.”